सेलूहून बरण्या आणताना

चैत्र वद्य २, शके १८६१

लिहून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की या अन्यायाची कुठे नोंदच झाली नाही. आज सलग चौथ्या दिवशी माझ्या ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे नव्हते! नुसते मीठ आणि लिंबाची एक फोड. बाकी सगळे माळरान. शास्त्रकारांनी माणसाला ऋणे सांगितली, पातके सांगितली, प्रायश्चित्ते सांगितली — पण लोणच्यावाचून जेवावे कसे, याबद्दल एक श्लोक नाही. त्यांच्या घरी मांजर नसावे.

आमच्या घरी आहे. त्याने फळीवरची बरणी पाडली. सौ. म्हणते, "मुक्या जनावरावर काय राग काढायलात? फळीचा टेकू पुस्तकांसाठी तुमीच काढला होता." हे खरे आहे. पण त्याचा मूळ मुद्द्याशी काही संबंध नाही.

कैऱ्या आल्या आहेत. नव्या बरण्या हव्यात, आणि त्या सेलूच्या बाजाराशिवाय मिळायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी, म्हणून खाली लिहितो. नर्मदेला सातवा लागला! परभणीहून व्याह्यांचा निरोप आला. पहिलटकरीण, रीतीप्रमाणे माहेरी यायची. आठव्यात लेकीला हलवत नाहीत, तेव्हा महिना संपायच्या आत आणली पाहिजे. परभणी ते सेलू आगगाडी आहे. सेलू ते चारठाणा मात्र आपली बैलगाडी, आणि खाली तो रस्ता. सौ. आतापासूनच गाडीत किती गाद्या घालायच्या ते ठरवायलीय. मला बाप म्हणून काही सुचत नाही, म्हणून मी लोणच्यावर लिहिले.

चैत्र वद्य ३

आजही नाही.

चैत्र वद्य ५

मेहुणे आले — दिनकरराव, सेलूचे अडते. नुसते आले नाहीत, मोटारीतून आले! जुनी घेतली आहे, पण त्यांचा थाट असा की रथ सूर्याकडून परस्पर आणला. अर्धे गाव भोवती. मागे एक झाकणाची पेटी आहे, तिला डिकी म्हणतात. दिनकररावांनी ती इतक्या वेळा उघडून दाखवली की आत काही नाही, याबद्दल गावात कोणालाच शंका उरली नाही.

जेवताना म्हणाले, "दाजी, नर्मदेला मीच आणतो. सेलूच्या ठेसनावर गाडीतून उतरवायची, मोटारीत बसवायची. चहा प्यायला हिथं!"

सौ. वाढता वाढता थांबली. "दिनू, पोर दोन जिवांची हाय. तुझी मोटार उडती. बैल कसा, पाय टाकायच्या आधी इचार करतो."

"आक्का, बैलाच्या इचारानं आख्खा दिवस उन्हात बसंल ती!"

दोघांचे म्हणणे मला पटले. ही माझी जुनी खोड. शेवटी सौ.नेच निकाल दिला: "आधी माझ्या बरण्या आण सेलूहून तुझ्या मोटारीत. चिनी मातीच्या, कंदिलाच्या काचा, तेल, सगळं. घरी येऊन एकाला तडा दिसला, तर पोर बैलगाडीतनं येईल. न्हाई दिसला, तर तुझी मोटार."

दिनकरराव म्हणाले, "मंजूर!" आणि भाताची मूद मोडली. डिकी भरायचे काम माझ्याकडे. कारण, सौ.च्या शब्दांत, "तुमचं एवढं शिक्षण झालंय, कुठंतरी उपयोगी पडू द्या."

चैत्र वद्य ६

कासाबाईला बोलावले. धनगराच्या घरची, साठीची. गावातली निम्मी पोरे तिच्या हातावर जन्मलेली — नर्मदासुद्धा. बरण्यांभोवती घालायला लोकर मागितली. ती म्हणाली, "लोकर देते, पण मला बी न्या. काचंचं काय घेऊन बसलाव शास्त्रीबुवा! काच बोलत न्हाई. माझी कंबर बोलंल. मी मागं बसते अन् सांगते पोटुशी बाई बसंल का न्हाई."

म्हणजे परीक्षा दुहेरी झाली. डिकीत बरण्या, बैठकीवर कासाबाई.

लोकरीला मेंढराचा वास आहे. सौ.ने नाक मुरडले, पण लोकर मूळचीच सोवळी, त्यामुळे हरकत घेता येईना. माझे शिक्षण उपयोगी पडले ते एवढेच.

चैत्र वद्य ९

काल सेलूला जाऊन आलो. कालचे आज लिहितो, कारण काल हसूच आवरत नव्हते.

सकाळी निघालो. पुढे दिनकरराव आणि मी, मागे सौ. आणि कासाबाई. कासाबाईने पहिल्या वळणावर डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर उघडले, आणि मग सेलू येईपर्यंत मिटले नाहीत. वाटेत दिसेल त्या बैलगाडीला हात दाखवत होती — ओळख असो नसो.

खरेदीचे सांगत नाही. बरण्या निवडताना सौ. प्रत्येकीवर बोटाने टिचकी मारून कान लावते. दुकानदार माझ्याकडे करुणेने पाहत होता. मी पाहू दिले. ती तिकडे गुंतली तेवढ्यात मी पलीकडच्या दुकानातून एक वस्तू घेतली आणि लोकरीच्या गोणीत खुपसली. तिचे पुढे येईलच!

मग डिकी भरणे. मी शास्त्रशुद्ध भरली. गूळ नैवेद्याचा, म्हणून ढेप सगळ्यांत वर. केरसुणी ही लक्ष्मी, तिच्यावर काही ठेवता येत नाही, म्हणून तीही वर. खारीक, खोबरे, डिंक हे बाळंतिणीच्या लाडवाचे, तेलाच्या डब्याला लागता कामा नयेत. माझ्या नव्या वहाणा कशालाच लागता कामा नयेत. सगळ्यांचा मान राखता राखता तळाला उरल्या बरण्या.

दिनकररावांनी मोटार चालू केली. अडतीच्या दारातला एकच खड्डा — आणि ढेप धप्पकन खारकेच्या पिशवीवर! नशीब, बरणीवर नाही. पण आवाज असा झाला की शेजारचे हमाल धावले.

कासाबाई मागून म्हणाली, "माझी कंबर न्हाई, डिकीची मोडली!"

दिनकरराव स्टिअरिंगवर डोके टेकून हसत होते. "दाजी, तुमी देव्हारा मांडलाय का डिकी भरलीय?"

पुन्हा सगळे काढले. रस्त्यावर आमचा संसार, भोवती बघे. जो तो सल्ला देतो. एक म्हातारा म्हणाला, "उसाचं पाचट घाला." सेलूत चैत्रात पाचट कुठून आणू? सौ.ने पदर खोचला. "बाजूला व्हा. शास्त्र घरी. वाटेवर गुळाला राग येत न्हाई."

या खेपेला ढेप गोणपाटात गुंडाळून तळाला, पुढच्या अंगाला घट्ट सारली. तेलाचा डबा कोपऱ्यात उभा, कडब्याच्या पेंड्या ठोकून पक्का. बरण्यांच्या पोटात खारीक आणि डिंक — रिकामी बरणी लवकर दणका खाते, असे सौ. म्हणाली — आणि दोन बरण्यांत एकेक कंदिलाची काच, माझ्या जादा धोतरात गुंडाळून. मधल्या सगळ्या फटींत लोकर. बोट शिरेना. 'घृताधारं पात्रं वा पात्राधारं घृतम्' यावर मी तरुणपणी दोन रात्री वाद घातला होता. लोकरीच्या आधाराने बरणी की बरणीच्या आधाराने लोकर, हा प्रश्न सौ.ने गुडघा टेकून एका दाबात सोडवला. झाकण पुरते बसेना, तेव्हा दिनकररावांनी दोरखंडाने आवळून गाठ मारली. केरसुणी उभी धरून कासाबाई बसली. वहाणा माझ्या मांडीवर. मान सगळ्यांचा राहिला, माझा सोडून.

निघालो. सगळे कान मागे. एक आवाज नाही! दिनकरराव प्रत्येक खड्ड्यानंतर माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते.

आणि अर्ध्या वाटेवर एका चढाला मागून आवाज आला — खुळ्ळ!

सौ. म्हणाली, "गेली."

"काय गेली, आक्का? इंजनाचा असंल."

खुळ्ळ. खुळ्ळ.

"काच हाय दिनू ती. तुकडे वाजायलेत. थांबव मोटार!"

मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता, पण माणसाला शेवटपर्यंत आशा असते.

बाभळीखाली मोटार उभी केली. दोरखंड सोडला. सौ. एकेक वस्तू काढते, हलवते, कानाला लावते, कासाबाईच्या हाती देते. बरणी धड. दुसरी धड. काचा धड. दिनकररावांचा चेहरा उजळत चालला, सौ.चा बुचकळ्यात पडत चालला. शेवटी लोकरीच्या तळातून तिने हात बाहेर काढला. हातात खुळखुळा. लाकडी, तांबडा-हिरवा, लाखेचा रंग दिलेला.

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी चिंधीसुद्धा आणू नये, ही रीत. ती सौ. इतकी पाळते की पाळण्याचे नावही घेत नाही.

"हे कुणाचं?"

मी दिनकररावांकडे पाहिले. दिनकररावांनी आभाळाकडे पाहिले. कासाबाई केरसुणीकडे पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"मी इचारायले, हे कुणाचं?"

मी म्हणालो, "माझं. लिहिता लिहिता झोप येते तेव्हा वाजवीन म्हणतो."

आधी कासाबाई फुटली. चढावरच फतकल मारून बसली. मग दिनकरराव. सौ.ने पदर तोंडाला लावला. मला वाटले रागावली — तर हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नर्मदेच्या लग्नानंतर इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

हसू ओसरल्यावर तिने खुळखुळा लोकरीत घट्ट गुंडाळला आणि कमरेला खोचला. म्हणाली, "कुणी काई ऐकलं न्हाई. समजलं का दिनू? कासाबाई, तुमी बी." कासाबाई म्हणाली, "मी तर झोपले होते वैनी!"

पुन्हा डिकी भरली. आता सगळ्यांना जागा पाठ झाल्या होत्या.

दिवेलागणीला घरी पोचलो. अंगणात बरण्या ओळीने मांडल्या. सौ.ने एकेकीवर टिचकी मारली. प्रत्येकीने घंटेसारखे उत्तर दिले. एकीलाही तडा नाही! मग कासाबाईला विचारले.

ती म्हणाली, "लय ग्वाड. पोर झोपंल मोटारीत. पण ह्या दिनकररावाला सांगा, कोंबडी दिसली की कचकन बिरेक दाबतो, ते नगं."

सौ.ने हार कबूल केली — म्हणजे भावाला आणखी एक पुरणपोळी वाढली.

चैत्र वद्य १०

लोणचे घातले. मुरायला वेळ आहे, पण मी खार चाखला. शास्त्रकारांना माफ केले.

चैत्र वद्य ११

पोर दशमीला यायची असे व्याह्यांना कळवले — वैशाख शुद्ध दशमी. दिनकरराव मोटारीत गादी शिवून घेतायत. डिकीत फक्त तिची पेटी असेल, तीसुद्धा लोकरीत, असे सौ.चे फर्मान. ती ओट्याशी गाणे गुणगुणायलीय. मला पाहिले की थांबते.

ज्या साप्ताहिकाला मी गावच्या बातम्या कळवतो, त्याला वार्तापत्र पाठवायचे राहिले. लिहिण्यासारखे पुष्कळ, छापण्यासारखे थोडे. कैऱ्यांचे पीक बरे, एवढेच कळवतो.

चैत्र अमावास्या

दिनकरराव सकाळी सेलूला परत गेले. मोटारीत बसता बसता सहज म्हणाले, "परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्यात म्हणे, दाजी." आणि भोंगा वाजवून निघून गेले. सौ. आत होती. तिने ऐकले नाही, किंवा ऐकले.

तेव्हापासून बसून आहे. पंधरवडाभर आम्ही एकच खल केला — तिला आणायचे कसे. आणावे का, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. बाळंतपण आषाढात. आषाढात सेलूच्या वाटेवरच्या ओढ्याला छातीइतके पाणी असते. मोटार पलीकडे थांबेल, बैलगाडी अलीकडे. गेल्या आषाढात वरच्या आळीतली लेक बाळंतपणात अशीच गेली. कासाबाईने तिच्या हाताने होईल ते सगळे केले, आणि बाकीची माणसे ओढ्याचे पाणी उतरायची वाट पाहत काठावर बसली होती.

मला भीती वाटते. पोरीला परभणीतच राहू द्यावे, हे सौ.ला उद्या सांगितले पाहिजे. ती आत पोरीसाठी खोली सारवतेय.