प्रतिज्ञापत्र मीच लिहिणार

८ जुलै, सकाळ
संचिताला नर्सिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली. मात्र बारावीनंतर पोरगी एक वर्ष घरी होती, तेव्हा खंड का पडला ते शपथेवर लिहून द्या म्हणतात. प्रतिज्ञापत्र. शेवटची तारीख १७, नाहीतर सीट दुसऱ्याला. म्हणजे हातात नऊ दिवस. नऊ दिवसांत लोक विहीर खणतात. आमच्या सौ. सुगंधाबाईंचं मत, कसालला देवेशच्या दुकानात टाइप करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. गेली वीस वर्षं देवळात गावातर्फे देवाला गाऱ्हाणं मी घालतो. देवासमोर कधी शब्द अडला नाही, तो तहसीलदारासमोर अडणार? निश्चय: प्रतिज्ञापत्र मीच लिहिणार.

९ जुलै
मसुदा सुरू केला नाही. एवढं कायदेशीर काम देवाला न विचारता करणं बरं नव्हे. आधी कौल घ्यायचा. कौल लावणारा गुरव बांद्याला मुलीकडे गेलाय, शनिवारी उगवेल. ही दिरंगाई त्याची. तशी नोंद करून ठेवतो.

१० जुलै
सुगंधाने गेल्या वर्षीचं पुराण पुन्हा काढलं. गेल्या वर्षीचा फॉर्म मीच भरणार होतो आणि भरलाही असता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइट बंद पडली. त्याआधी वीस दिवस ती चालू होती, असं हिचं म्हणणं. असेल. ते वीस दिवस मी माहितीपत्रक बारकाईने वाचत होतो. संचिता माझ्यासाठी चहा टाकायला उठली. समजूतदार आहे, माझ्या वळणावर गेली.

१२ जुलै
कौल उजवा मिळाला! संध्याकाळपर्यंत मसुदा तयार. सुरुवात अशी: 'बारा गावच्या कारभाऱ्या तहसीलदार म्हाराजा, आज हे लेकरू तुझ्या दारात उभं आहे. त्याची काय चूकभूल झाली असेल ती पोटात घाल, वाटेत कोण आडवा येत असेल त्याला बाजूला कर आणि त्याचं शिक्षण मार्गी लाव.' घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज छान लागला होता.
सुगंधा म्हणाली, "अवो, ह्यो कागद देवाक नाय, कॉलेजाक होयो आसा."
भाषेची जाण सगळ्यांनाच नसते.

१४ जुलै
स्टँप पेपर आणला. विक्रेत्याने विचारलं, कुणाच्या नावाने? बाप धडधाकट असताना मुलीचं नाव कशाला? माझंच सांगितलं. वेळ वाचावा म्हणून घरी येऊन संचिताची सहीसुद्धा मीच करून टाकली. तिच्यापेक्षा चांगली आली.

१५ जुलै, दुपारी ३
तालुक्याच्या कचेरीत जाऊन आलो. कारकुनाने मसुदा दोनदा वाचला. वाटेत आडवा येणारा कोण, त्याचं नाव-गाव काय, असं विचारलं. मग मलाच शिकवायला लागला. प्रतिज्ञापत्रात काही मागायचं नसतं म्हणे, जे घडलं ते खरं सांगायचं असतं आणि खोटं निघालं तर शिक्षा असते. मुलगी एकोणीस वर्षांची, तेव्हा सांगणार ती. स्टँप तिच्या नावाचा आणि सहीही तिचीच, तीसुद्धा अधिकाऱ्यासमोर. सही माझी आहे हे कळल्यावर त्याने कागद बोटाच्या टोकाने माझ्याकडे सरकवला. असल्या माणसांना सरकार पगार देतं.

१६ जुलै
कारकुनाविरुद्ध तक्रार अर्ज लिहायला घेतला. मुद्दे अकरा झाले, अजून आठवतायत. संचिता एकटीच देवेशकडे जाऊन टाइप करून आली. स्टँपही स्वतःच्या नावाने घेतला. मी कागद तपासायला मागितला तर म्हणाली, उद्या बघा. उद्या तिची ओळख पटवायला माझी सही लागणार आहे. शेवटी माझ्यावाचून अडलंच.

१७ जुलै, संध्याकाळ
अधिकारी बाईंनी संचिताला विचारलं, मजकूर वाचलात का, खरा आहे का? तिने हो म्हटलं आणि सही केली. मग मला विचारलं, हिला ओळखता का? म्हटलं, जन्मल्यापासून. झोकात सही ठोकली. शिक्का बसला. झेरॉक्सच्या रांगेत कागद हातात आला तेव्हा वाचला.

'बारावीनंतर माझा प्रवेश अर्ज भरण्याची जबाबदारी वडिलांनी घेतली होती. तो मुदतीत भरला गेला नाही. त्यामुळे मी एक वर्ष घरी राहिले. या काळात मी अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही.'

आणि खाली माझी सही.

मी म्हटलं, साइट बंद होती असं तरी घालायचंस. ती म्हणाली, "बाबा, शपथेवर खोटा कसा लिवू?"

रागाने म्हणाली असती तर चार शब्द सुनावता आले असते. ती रागाने म्हणाली नाही. वाईट वाटलं.

कॉलेजने कागद ठेवून घेतला. ॲडमिशन पक्की. झेरॉक्स माझ्याकडे आहे. वाक्यं चारच आहेत. घरी येईपर्यंत एसटीत तीनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.