ताटलीत काढलेली अंडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, बसआगारातला निवृत्त वाहतूक नियंत्रक, विधुर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी काल तपासून दिला आहे. स्मरणशक्तीही चांगली आहे. ती थोडी कमी असती तर माझी सोय झाली असती. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात घरातल्या सगळ्या वस्तू आल्या होत्या, फक्त एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे राहते घर माझी मुलगी व माझा मुलगा यांना समसमान मिळावे. विकायचे की ठेवायचे ते दोघांनी ठरवावे. भांडण करायचेच झाले तर दार लावून करावे. आमचा जिना घुमतो.

कलम २. बँकेतल्या ठेवींचे तीन सारखे भाग करावेत. दोन भाग मुलांना. तिसऱ्याचे कलम ६ मध्ये लिहिले आहे.

कलम ३. आगारातून निरोपाच्या वेळी मिळालेले मनगटी घड्याळ व माझी शिट्टी मुलाला. छत्तीस वर्षे मी बस वेळेवर सोडल्या. चालक-वाहक माझ्या पाठीमागे मला ‘काटा’ म्हणत आणि मला ते आवडत असे. एका चालकाला, त्याची बायको बाळंत होत असताना, चार मिनिटे उशीर झाला म्हणून मी लेखी समज दिली होती. तो आता हयात नाही, त्यामुळे त्याची माफी इथेच मागतो. या छत्तीस वर्षांत मी सकाळी कधी बसून खाल्ले नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात बुटाची नाडी. बायको म्हणायची, “अहो, दोन घास बसून खा. बस काय तुमच्या पाठीवर बसून जाते का?”

कलम ४. बिडाचा जड तवा, लाकडी उलथने, दोन चांगल्या सुऱ्या व कॉफीचे भांडे मुलीला, तिला हवे असतील तर. नको असतील तर भंगारात द्यावेत. मी वाईट वाटून घेणार नाही.

निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता जरा हळू जगा.” मी ते आदेशासारखे घेतले. साठाव्या वर्षी स्वयंपाकघरात पहिल्यांदा उभा राहिलो आणि सकाळचा नाश्ता शिकलो. बटाट्याच्या जाड चकत्या लोण्यात, मंद आचेवर, एकेक बाजू लाल होईपर्यंत. त्याच लोण्यात कांदा, घाई न करता, तो गोड होईपर्यंत. टोमॅटो अर्धे कापून पालथे. शेवटी अंडी, कडा जाळीदार आणि पिवळा बलक हलता. जाड कापलेला पाव, वर साय. दीड तास लागायचा. बायको खिडकीशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची आणि मध्येच म्हणायची, “काटा बंद पडला वाटतं!” आम्ही हसायचो. माझ्या आयुष्यातली ती सात वर्षे सर्वांत चांगली. लोण्याबद्दल डॉक्टरांना आम्ही दोघांनी मिळून काही सांगितले नाही.

कलम ५. स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना. कांद्याच्या वासाबद्दल त्यांनी सोसायटीकडे सहा लेखी तक्रारी केल्या. शुद्धलेखन निर्दोष होते.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठी बाकीचे मृत्युपत्र लिहिले आहे.

बायकोच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा तिला उठवायला-बसवायला एक बाई येत असत. सकाळी आठ ते दुपारी दोन. कामाला चोख, बोलायला कमी. ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी साय संपली होती. मी बाईंना म्हटले, “जरा कोपऱ्यावरून साय घेऊन या.” त्या म्हणाल्या, “साहेब, वहिनींना आत्ता उठायचं असेल.” मी म्हणालो, “मी आहे ना घरात.” त्या गेल्या.

अंडी नुकतीच तव्यात फोडली होती. आतून हाक आली, “अहो, जरा येता का?” मी ओरडलो, “आलो, दोन मिनिटं!” थोड्या वेळाने पुन्हा, “अहो, येताय ना?” मी म्हणालो, “अगं, अंडी तव्यावर आहेत!” तिसरी हाक आली नाही. मी गॅस बंद केला, अंडी फुटू न देता ताटलीत काढली, आणि मग आवाज ऐकला. ती खुर्ची धरून एकटीच उठली होती. खुर्ची सरकली.

कमरेचे हाड मोडले. त्यानंतर ती चालली नाही. अकरा महिन्यांनी गेली.

मुलगी तासाभरात धावत आली. “बाबा, बाई कुठे होत्या?” बाई सायीचे भांडे अजून हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, “बाहेर गेल्या होत्या. न सांगता.”

हे दोन शब्द, ‘न सांगता’, माझे आहेत.

मुलीने बाईंना जिन्यात उभे करून नको ते सुनावले. सगळे शेजारी दारात आले. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी उलथने हातात धरून उभा होतो. मुलीने त्यांना काम देणाऱ्या संस्थेला फोन केला आणि पुन्हा त्यांना कोणाच्या घरी काम मिळाले नाही.

दोन आठवड्यांनी इस्पितळात बायकोने विचारले, “अंडी चांगली झाली होती का?” मी म्हणालो, “खाल्ली नाहीत.” ती म्हणाली, “म्हणजे वाया गेली.” ती रागावून म्हणाली की साधेपणाने, हे मला आजही कळलेले नाही. मुलांना तिने काही सांगितले नाही. मीही नाही. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा लोणी आणले. खाताना चव लागली. आजही लागते. पडण्याच्या दिवसाइतकीच मला याची लाज वाटते.

कलम २ मधील तिसरा भाग या बाईंना द्यावा. त्या घेणार नाहीत असे म्हणाल्या आहेत. तरीही विचारावे.

कलम ७. गेल्या महिन्यात मी त्यांना शोधून काढले. त्या एका लॉन्ड्रीत इस्त्री करतात, दिवसभर उभ्याने. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, “मला ठाऊक आहे, साहेब.”

“कसं?”

“मी आले तेव्हा गॅस बंद होता. अंडी ताटलीत नीट काढलेली होती. एकही फुटलेलं नव्हतं. ज्यानं एवढं जपून काढलं, त्याला हाक ऐकू आली नसेल?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

त्यांनी शर्ट उलटा केला. “कोणाला सांगणार? वहिनी विव्हळत होत्या. तुमची लेक रडत होती. आणि माझ्या शब्दाला तुमच्या घरात किंमत ती किती?”

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, “हात नका जोडू, माणसं बघतात. द्यायचंच असेल तर लिहून द्या. सही करून. तुमच्या तोंडचा शब्द ऐकलाय मी.”

मी तिथेच काउंटरवर लिहून दिले. त्यांनी ते सावकाश वाचले, घडी घातली आणि पुढचा शर्ट घेतला. तो कागद हरवू शकतो, म्हणून तेच इथे कायमचे लिहितो: त्यांचा काडीचाही दोष नव्हता. मी पाठवले म्हणून त्या गेल्या. हाक मी ऐकली होती.

कलम ८. मृत्युपत्र वाचताना कलम ६ व ७ शेजाऱ्यांना बोलावून, जिन्यात, मोठ्याने वाचावीत. मुलाला ते लाजिरवाणे वाटेल. वाटू दे. त्याला जमले नाही तर वकिलांनी वाचावे.

कलम ९. मेल्यावर कागदातून कळवणे हा आणखी एक पळपुटेपणा झाला असता, म्हणून मागच्या रविवारी मुलीला समोर बसवून सगळे सांगितले. तिने एकच विचारले, “आईला माहीत होतं?” मी हो म्हणालो. ती उठली, लॉन्ड्रीचा पत्ता लिहून घेतला आणि गेली. तिथे ती बाईंशी काय बोलली, मला माहीत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. माझी औषधे संपली का, हे भावाकरवी विचारते.

यामुळे तिच्या कोणत्याही हिश्श्यात फरक पडणार नाही. तिने माझ्याशी बोलावे, अशी कोणतीही अट या मृत्युपत्रात नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. वाचताना दोनदा थांबावे लागले.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार १. (सही) डॉक्टर, ज्यांना लोण्याबद्दल आज कळले
साक्षीदार २. (सही) कोपऱ्यावरचा बेकरीवाला

स्थळ: स्वयंपाकघर, राहते घर
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा