घर क्रमांक एक, माणसं चार

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची. दोन गाड्या बदलल्या, एक पिशवी विसरता विसरता राहिली, आणि तीन मजले चढून दारात धापा टाकत उभी राहिले तर लेकीने ठकीला सरळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, घे, आता तुझी. पाच महिन्यांची माझी नात! आल्याआल्या माझा चष्मा ओढला. जरब आहे हो पोरीत.

ही वही लेकीनेच दिली, ऑफिसात मिळालेली, वर तारखा छापलेल्या. आई, तू फोनवर तासन्‌तास बोलतेस ना, ते आता इथे लिही म्हणजे मला कामं करता येतील, असं म्हणाली. टोमणा कळला मला. पण लिहीन म्हटलं. चौथीपर्यंतच झाली माझी शाळा, तरी अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे.

जावईबापू जहाजावर गेलेत, समुद्राचं पाणी तपासायला. अजून तीन महिने यायचे नाहीत. म्हणून तर माझी वर्णी लागली. घरात आम्ही तिघी.

घर ऐसपैस नाही, पण उजेड छान. हॉल, स्वयंपाकघर, निजायची खोली, आणि मागे एक छोटी खोली. तिथे लेकीची जुनी यंत्रं नि खोकी, दार बंदच असतं. प्रत्येक खोलीत भिंतीवर साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी आहे, तिच्यावर आकडे. मला वाटलं घड्याळ. ४३० दिसलं म्हणून साडेचारचा चहा टाकला. लेक हसून हसून बेजार. दुपारचे दोन वाजले होते!

मंगळवार, ४ तारीख

आज लेकीने डबीचं नीट समजावून दिलं. आपण श्वास सोडतो तो खोलीच्या हवेत साठतो, डबी तो मोजते. खोली रिकामी असली की चारशे वीस-तीस. दारंखिडक्या लावून एक मोठं माणूस अर्धा तास बसलं की आठशे. म्हणजे माणशी तीनशे ऐंशी धर, म्हणाली. ठकीचा आपला चिमूटभर, पन्नास-पंचावन्न. मी मुद्दाम निजायच्या खोलीत दार लावून विणत बसले. अर्ध्या तासाने सातशे अठ्ठ्याण्णव! परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. श्वास घ्यायचे गुण मिळाले मला ह्या वयात.

अशा डब्या तीनशे बारा घरांत आहेत. दर पाच मिनिटांनी सगळे आकडे लेकीच्या ऑफिसात जमतात आणि तिथून जगातल्या कुणीही घ्यावेत, ओळख लागत नाही की चिठ्ठी लागत नाही. कुठली घरं कोंदट, कुठे लेकरं आजारी पडतात, ते त्यावरून कळतं. पहिल्या डब्या तिने स्वतःच्या घरात लावल्या. म्हणून आम्ही घर क्रमांक एक.

ही आधी नद्यांवर हिंडायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात काठ्या रोवायची. काळी पडली होती नुसती. तिथे तिचे एक वयस्कर साहेब होते, तीस वर्षं एकाच नदीचं पाणी मोजलेलं. ते वारले आणि महिन्याभरात त्यांच्या वह्या रद्दीत. लेक रद्दीवाल्याकडे धावत गेली, अकरा वह्या हाती लागल्या, बाकीच्यांच्या पुड्या झालेल्या. रडली होती फोनवर. मोजणारे पुष्कळ आहेत आई, सांभाळणारं कुणी नाही, म्हणाली. तेव्हापासून हे काम धरलं. लोकांचे आकडे गोळा करायचे, तपासायचे, कुठे, कधी, कशाने मोजले ते लिहायचं, आणि सगळ्यांना द्यायचे. एकजण तोंडावर म्हणाला होता, स्वतः काही शोधत नाहीस, दुसऱ्यांची भांडी लावतेस. आता तोच आकडे मागायला येतो. बाहेर बसव म्हटलं त्याला, चहासुद्धा देऊ नकोस!

शुक्रवार, ७ तारीख

ठकीला सर्दी. काढा नको म्हणे, वाफ दे. दिली.

लेक संध्याकाळी टेबलाशी कॉम्प्युटरवर घर क्रमांक एकचे आकडे बघत होती. प्रत्येक खोलीची एक रेघ, चढते उतरते. छोट्या खोलीच्या रेघेवर मात्र लाल ठिपकेच ठिपके, गोवर उठल्यासारखे. विचारलं, हे काय? म्हणाली, ह्या आकड्यांवर माझा विश्वास नाही म्हणून लाल खूण केली. खोली बंद, आत कुणी नाही, तरी रोज आठशे दाखवते. तीन वर्षांत तीन डब्या बदलल्या. मी म्हटलं, उंदीर असेल. ती म्हणाली, आई, एवढा आकडा यायला माझ्याएवढा उंदीर लागेल.

मग पुसून टाक ना, म्हटलं. त्यावर तिने माझी शाळाच घेतली. पुसायचं नाही म्हणे कधी. खूण करायची आणि ठेवून द्यायचं. उद्या दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसेल.

रविवार, ९ तारीख

आणि दिसलं की! परदेशातली एक बाई आहे, लेकीचे आकडे घेऊन बंद खोल्यांचा अभ्यास करते. मी तिला दूरची बाई म्हणते. तिचं पत्र आलं. लिहिलंय की तुमचे लाल केलेले आकडे मला चुकीचे वाटत नाहीत. बिघडलेली डबी असं दाखवत नाही. छोट्या खोलीत रोज एक मोठं माणूस असतं. कोण राहतं तिथे?

मला तर हसूच आलं. लेकीला नाही आलं. तीन वर्षांचा अहवाल गुरुवारी जायचा आहे आणि पहिल्याच घराचे आकडे डागाळलेले. तिची मान खाली जाणार. सगळ्यांना शिकवणारी हीच.

तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, घरात माणसं किती. मी आल्यावर तिने तीन लिहिली होती, ती, मी, ठकी. मी म्हटलं, अगं चार लिही की. जावईबापू काय पाहुणे आहेत? आकड्यांना कुठे ठाऊक ते जहाजावर आहेत? लेक म्हणाली, असं माणूस वाढवून हिशेब जुळवायचा नसतो गं. मी म्हटलं, खोटं कुठे आहे, घर त्यांचंच ना. लेकीने फॉर्म परत उघडला. मग चार लिहिली आणि लाल खुणा काढून टाकल्या. रेघ कशी स्वच्छ दिसायला लागली! लेकीने माझा गालगुच्चा घेतला. अडाणी आई उपयोगाला आली म्हणायची.

बुधवार, १२ तारीख

छोट्या खोलीचा आकडा आज सकाळपासून ४२५. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी लगेच लेकीला ऑफिसात फोन करून सांगितलं.

दुपारी ठकीची सर्दी म्हणून स्वयंपाकघराची दारंखिडक्या लावून तिला मांडीवर घेऊन बसले होते. सहज वर बघितलं तर १२४०. बोटांवर मोजलं. रिकाम्या खोलीचे चारशे वीस, माझे तीनशे ऐंशी, ठकीचे पंचावन्न. आठशे पंचावन्न व्हायला हवेत. पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढेच. वर उरतात ते एका मोठ्या माणसाचे.

खिडकी उघडली. आकडा उतरला. गॅस चालू राहिला असेल म्हटलं. बंद होता.

गुरुवार, १३ तारीख

लेकीने सुट्टी घेतली. मला आणि ठकीला एकत्र, एकामागून एका खोलीत बसवून दार लावलं, ती बाहेर घड्याळ घेऊन उभी. हॉल, १२३५. निजायची खोली, १२३८. आम्ही जिथे, तिथे एक जास्त. मागच्या खोलीतून ते निघालं आणि आमच्यासोबत हिंडतंय.

मी म्हटलं, डब्या बिघडल्या असतील. ती म्हणाली, हेच तर मी तीन वर्षं म्हणत होते.

अहवाल पाठवून झाला होता. जगभर गेला.

शनिवार, १५ तारीख

लेक फार बोलत नाही. मीही नाही, म्हणजे बघा.

सकाळी ठकी पाळण्यात खेळत होती. मी दारातून बघत होते, तिला ठाऊक नव्हतं. ती भिंतीकडे बघून हुंकार देत होती, थांबत होती, परत देत होती. कुणी उत्तर दिल्यावर थांबावं तशी. उजवी मूठ वर धरलेली. माझं बोट धरते तेव्हा जशी असते तशीच, मधे पोकळी ठेवून. ती मूठ हळूहळू वर खाली हलत होती. ठकी हलवत नव्हती.

उचलून घेतली. किंचाळली. माझ्याकडे यायचंच नव्हतं तिला.

सोमवार, १७ तारीख

दूरच्या बाईचं पुन्हा पत्र. अभिनंदन केलंय. आणि विचारलंय की चौथं माणूस हल्ली बाळाच्याच खोलीत असतं का.

लेकीला म्हटलं, चल, माझ्या घरी जाऊ तिघी, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, आणि ते आलं बरोबर तर? इथे निदान डबीवर कळतं कुठे आहे. तुझ्याकडे डबी नाही.

खरं आहे.

मग म्हणाली, आई, ते त्या खोलीत तीन वर्षं होतं, कधी बाहेर आलं नाही. मी त्याला घरात लिहिलं तेव्हा आलं. मी म्हटलं, मी लिहायला लावलं. ती नाही म्हणाली नाही.

दुपारी तिने चार खोडून तीन केली. आयुष्यात पहिल्यांदा खूण न ठेवता खोडलं.

मंगळवार, १८ तारीख

गेलं! तिघी हॉलमध्ये दार लावून बसलो. हिशेबाने १२३५ यायला हवेत, १२३५ आले. एकही जास्त नाही. मी दोनदा चहा केला. लेक हसली. ठकी मात्र सारखी लेकीकडे बघून रडते. घ्यायला गेली की अंग चोरते. दात येत असतील.

बुधवार, १९ तारीख

लिहू की नको —

लेक सकाळपासून निजायच्या खोलीत दार लावून काम करत होती. खिडकी बंद, थंडी वाजते म्हणाली. अकरा वाजता मी चहा घेऊन गेले. डबीवर ४२२. तीन तास माणूस बसलंय आणि ४२२.

स्वयंपाकघरात परत आले. तिथे पाळण्यात ठकी आणि शेजारी मी, दोघीच होतो. १२३५.

म्हणजे कालचे तीन कोण ते कळलं. ते गेलंच नाही. मी, ठकी आणि ते.

लेकीला सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसायला म्हणून काचेवर तोंडाने हवा मारली. काच तशीच लख्ख. परत मारली. आम्ही दोघी काचेकडे बघत राहिलो. दुखत नाही आई, म्हणाली. नुसतं गार वाटतं. तिचा हात धरला तर —

माझी लेक. बोलते, चालते, माझ्या ताटात वाढते.

तीन लिहिली, त्याने तीन ठेवली, म्हणाली. कुणाला काढायचं ते मी लिहिलं नव्हतं.

परत चार लिही, म्हटलं. पाया पडले तिच्या. नाही म्हणते. चार लिहिली तर ते पुन्हा ठकीपाशी राहील आणि घरातलंच होऊन बसेल.

गुरुवार, २० तारीख

तिने ठरवलंय. दोन लिहिणार. आई, तू आणि ठकी, दोघीच. मग त्याला जागा उरत नाही. मी म्हटलं, आणि तू? म्हणाली, मी कुठे मोजली जातेय आता. हसली सुद्धा. ठकीला सांभाळ, एवढंच म्हणाली. ठकीचा पापा नाही घेतला. घाबरेल म्हणाली.

मला छोट्या खोलीत बसवलं ठकीला घेऊन. दार लावलं. डबीकडे बघत बस, आठशे पंचावन्नवर थांबली की हाक मार, मग समजेन गेलं म्हणून.

ती बाहेर टेबलाशी आहे. ऐकू येतंय सगळं.

वीस मिनिटं. १०९०. म्हणजे आहे अजून आमच्यात. ठकी झोपली.

आता बटणं वाजली. झालं, आई — म्हणाली.

उतरतोय. १०४०.

९६०. उतरतोय, देवा, उतरतोय.

८५५. हाक मारली तिला. थांबेल आता —

७००. थांबत नाही. दार बंद आहे, खिडकी नाही. थांबत नाही.

५१०

बाहेर कुणीतरी जोरात श्वास घेतला. खोल. पाण्यातून वर आल्यासारखा. लेकच. तिचाच आवाज. आणि तिच्या शेजारी आणखी एक —

दोन. तिने दोन लिहिली. कोण ते लिहिलं नाही —

४२०

ठकी जागी झाली. हसतेय माझ्याकडे बघून. किती गार पडली ही. तिच्या नाकापाशी बोट धरलं. धरून ठेवलं. काही नाही — हसतेय आणि काही नाही —

मग माझ्या नाकापाशी