रोवलेला पाय

चामराजपेट, ६ जानेवारी

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते नि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहिते. हर्षिताच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. वर्षभर मैदान नाही. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत. राज्य संघाच्या चाचणीत तिला कुणी धक्काही दिला नव्हता रे, तिने फक्त गोल मारला. नर्सला ऐटीत सांगते, ही किक माझ्या मामाची. मला एवढंच सांग, मारलं उजव्या पायाने, मग डावा का मोडला?

भाचीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी अहल्या

जयनगर, ९ जानेवारी

चि. सौ. अहल्येस अनेक आशीर्वाद.

किकचा जोर नुसता मारणाऱ्या पायाचा नसतो. धावत येऊन डावा पाय चेंडूशेजारी रोवला, की शरीर तिथे अडतं आणि तो वेग कमरेतून उजव्या पायात उतरतो. आमच्या मातीच्या मैदानावर हर्षिताचं डावं पाऊल किंचित घसरायचं. व्हिडिओ बघून मी ठरवलं, जोर इथे वाया जातोय. हट्टाने तिला घट्ट रोवायला शिकवलं. चाचणी कृत्रिम गवतावर होती. तिथे बूट रुतून बसतो. पाऊल जागीच राहिलं, वरचं शरीर वळलं, मधे गुडघा होता. ते घसरणंच तिला सांभाळत होतं का? खात्रीने सांगता येत नाही. पण मी फक्त चेंडूचा वेग मोजत राहिलो, गुडघ्यावरचा भार कधी पाहिला नाही.

हे वाचूनही अण्णा म्हणवलं तर म्हण.

हयवदन

चामराजपेट, १३ जानेवारी

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

अण्णाच म्हणते, दुसरं काय म्हणू? पण तुझ्या दुसऱ्या शिष्येला, भव्याला, तू हेच शिकवलंस ना? तिची चाचणी येत्या रविवारी, त्याच गवतावर. हर्षिताने सकाळी उठल्याउठल्या तेच विचारलं. माझी क्षमा मागायला येऊ नकोस, आधी तिच्या आईकडे जा.

अहल्या

जयनगर, रविवार

चि. सौ. अहल्येस अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. भव्याच्या आईने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "सर, भाचीची जागा रिकामी राहावी असं तुम्हाला वाटणारच." भव्याला म्हटलं, निदान शेवटचं पाऊल आखूड टाक, इतकं घट्ट रोवू नकोस. ती हसली. घसरलं की तुम्हीच ओरडायचात ना, म्हणाली.

आज मी कुंपणाबाहेर उभा होतो. तिने शिकवल्याबरहुकूम पाय रोवला. चेंडू जाळ्यात गेला, टाळ्या पडल्या. मी तिच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होतो. ती सरळ उभी राहिली.

मग तिने दुसरा चेंडू ठेवला.

हर्षिताला हे सांगायचं की नाही, तूच ठरव.

हयवदन