जावयाच्या कूलरमधल्या अळ्या

जावईबापू जगदीशराव यांस,

खान्देशातल्या तमाम सासऱ्यांचं एकच दुखणं आहे: जावयाला बोलायची सोय नाही. म्हणून हे पत्र मी धाडणारही नाही.

आमच्या गल्लीत डेंग्यू आहे. शेजारच्या कोकिळाअक्काची दीपमाला दवाखान्यात आहे. चौकात उभा राहून मी गरजलो, "साठलेलं पाणी ओता!" सगळ्यांनी टाक्या पालथ्या केल्या. मग अक्का म्हणाली, "नाना, भाषण व्हयनं, आते तुमना अंगणमा दखा!"

अंगणात लग्नातला तुमचा कूलर. तुम्ही तो धुळ्याला नेलाच नाही. पावसाने भरलाय, आत अळ्या वळवळताहेत. मी ओतायला गेलो, तर तुमच्या सासूबाई आडव्या आल्या: "जावयाची वस्तू! हात लावू नका. विचारूही नका, रुसतील."

जगदीशराव, आजच सासूबाईंना फोन लावा आणि म्हणा: कूलर पालथा करा.

तुमचा हतबल सासरा,
भाईदास