मावशीची गाठ माझ्या चिपवर

३ मार्च
ऑपरेशनमध्ये काढलेल्या मावशीच्या गाठीचा तुकडा आजपासून माझ्या ताब्यात. काडेपेटीएवढी पारदर्शक चिप, आत केसासारख्या बारीक नळ्या. त्यांत गाठीच्या पेशी वाढवायच्या, मग औषधं सोडायची. ज्याने पेशी मरतील ते मावशीला. लॅबच्या टेक्निशियन बाईंनी तशीच एक चिप स्वतःकडे ठेवली. ठेवू देत. वीस वर्षं नोकरी झाली म्हणून शिकणं थांबवू नये.

५ मार्च, सकाळी ९
मावशीचा फोन. गाठ नीट खाते का, विचारत होती. मस्त वाढतेय म्हटलं. तर म्हणे, फार लाड करू नकोस.
संकल्प: रोज दोनदा मायक्रोस्कोप.

८ मार्च
मायक्रोस्कोप राहिला. पुरस्कार मिळाल्यावर करायच्या भाषणात वेळ गेला. बाईंचा उल्लेख करावा का? एक ओळ.

९ मार्च
चार नळ्यांत चार औषधं, पाचवीत तुलनेसाठी नुसतं पोषक पाणी. पंप सुरू. बाई म्हणाल्या, पंपात हवेचा बुडबुडा दिसतोय. म्हटलं, निघेल आपोआप.

१२ मार्च, सकाळी १०
चारही औषधांनी पेशी साफ. एवढं यश एकदम झेपत नाही.

दुपारी १२
पाचव्या नळीतल्याही मेल्या. म्हणजे पाण्यानेही कॅन्सर मरतो. मावशीला लगेच कळवलं. ती म्हणाली, मग मी इतकी वर्षं काय पीत होते? प्रश्न चांगला आहे. उद्या बघू.

१३ मार्च
बाईंनी पंप उघडला. बुडबुडा तोंडाशीच अडकून बसला होता, पाचही नळ्या बंद. तीन दिवस ना औषध पोचलं, ना पाणी. पेशी उपासमारीने गेल्या.
बाईंनी त्यांच्या चिपवर तीच औषधं सोडली होती. तिथे मात्र पहिल्याने काहीच झालं नाही, दुसऱ्याने पेशी मेल्या. डॉक्टर सोमवारी पहिलंच सुरू करणार होते. त्यांनी फोन करून बाईंचे आभार मानले. मी शेजारीच उभा होतो. कुणी फोन दिला नाही.

१४ मार्च
मावशीकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.  ती म्हणाली, "मला वर्षभर छळलं त्या गाठीने, आणि तुझ्याकडे तीन दिवस टिकली नाही. बायकोला जरा जपून राहायला सांग."
सोमवारी दुसरं औषध सुरू. सोबत येऊ का, विचारलं. ये म्हणाली, पण कशाला हात लावायचा नाही.
दारापर्यंत आली, आणि बाईंना त्या दिवशी सुट्टी मिळेल का, ते विचारून ठेव म्हणाली.