चार वाक्यं आणि पेरूची ताटली

आई,

आपल्या घरातल्या बायकांची आयुष्यभर एकच तक्रार होती, आणि ती आपण फक्त स्वयंपाकघरात एकमेकींना सांगितली. कुणीही यावं आणि आपल्यावर आवाज चढवावा! मिशन हॉस्पिटलची मेट्रन, रेशनवाला, नळावरच्या बाया, झालंच तर आपल्याच चर्चचे पंच. तू वॉर्डात आयाचं काम करायचीस. मेट्रन ओरडली की चूक कुणाची हे न बघता तू मान खाली घालून म्हणायचीस, "चुकलं मॅडम." शाळा सुटल्यावर व्हरांड्यात तुझी वाट बघत मी ते कितीदा ऐकलंय. घरी येऊन भाकरीचं पीठ मळताना मात्र तू परातीशी बोलायचीस, "माझं काही चुकलं नव्हतं." एकदा मी तुझ्या पाठीमागे उभी राहून रविवारचं स्तोत्र पाठ करत होते. तू वळलीही नाहीस. "ऐकू येत नाही." मी म्हटलं, "आई, मी इथंच तर आहे." "मग अंगणात जा, तिथून म्हण. तुझ्यावर कुणाचा आवाज चढायला नको, इतका तुझाच चढू दे." त्या दिवसापासून मी अंगणातून बोलतेय. ती तुझी देणगी. तिच्यावर मी जगले.

आता मी शारजात, रोल्ला भागात, दादाच्या घरी राहते. दुबईत जबल अलीच्या चर्चच्या आवारात आपली मराठी उपासना भरते, तिथं मी बोलायला उभी राहिले की कंपनीच्या बसनं आलेली माणसं, दिवसभर उन्हात राबलेली, डोळे पुसतात. "ताई, आज काय बोललात!" म्हणतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. देवानं मला आवाज दिलाय आणि तो थायलंडला न्यायचाय, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. नोकरी सोडली आणि मिशनरी प्रशिक्षणाला बसले. आम्हाला शिकवणारे अंकल मल्याळी आहेत, तिकडे निम्मं आयुष्य काढून आलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, अभी मुँह बंद, कान खुला." मी! माझं तोंड बंद! थाई शिकवायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका हॉटेलच्या मोठ्या स्वयंपाकघरातली बाई तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन सुट्टीच्या दिवशी येते. तिला सगळे पी म्हणतात, पी म्हणजे ताई. ती ख्रिस्ती नाही आणि आमच्यासारखं व्हायची तिला काही घाई नाही. अंकलचा नियम असा, की पीनं हो म्हटल्याशिवाय कुणाला थायलंडला पाठवायचं नाही. मला तो नियम विनोदी वाटला होता.

सुरुवातीचे दिवस नुसतं ऐकण्यात गेले. मग चार वाक्यं मिळाली. माझं नाव अमुक. मी भारतातून आले. मी थाई शिकते. मला शिकवता, आभारी आहे. एवढंच. मी ती घरी घोटली, तू शिकवलंस तशी, उभं राहून, छाती भरून. दादाची मुलगी कानावर उशी ठेवून म्हणाली, "आत्या, व्हाय आर यू फाइटिंग विथ द वॉल?" मी म्हटलं, "भांडत नाही गं, बोलतेय." वर्गात माझी पाळी आली तेव्हा मी तशीच उभी राहिले. नाव सांगताना बोट वर, भारत म्हणताना हात छातीवर, आणि 'आभारी आहे' तर असं म्हटलं की खिडकीची काच थरथरावी. पी हसत होती. तिच्या मैत्रिणी हसत होत्या, नजर जमिनीकडे. मला वाटलं, पोचलं. म्हणून मी चारही वाक्यं पुन्हा म्हटली, आणखी जोरात.

पुढच्या वर्गाला तिन्ही खुर्च्या रिकाम्या. अंकल हातात ताटली घेऊन आले. पेरूच्या पातळ फोडी, मध्ये गाजराचं कोरलेलं फूल, बाजूला तिखट-साखर. "सिस्टर, आप उनको क्या बोला?"

"माझं नाव, अंकल. माझं नाव सांगितलं!"

"वो लोग पूछता है, मॅडम इतना गुस्सा क्यों? हमसे क्या गलती हुआ? पी ने सॉरी भेजा है."

आई, मी ताटली हातात घेऊन उभीच राहिले. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईनं आपल्या सुट्टीत पेरू चिरले, फूल कोरलं आणि काहीही न करता माफी मागितली. माझी! मेट्रनच्या जागी मी उभी होते. आणि खरं सांगू? आधी मला लाज नाही वाटली, राग आला. तोंडावर का नाही सांगितलंस, माफी कशाला मागतेस, असा तिचा राग. व्हरांड्यात उभी असताना तुझा यायचा, अगदी तसाच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्टाफ क्वार्टरच्या गेटपाशी जाऊन थांबले. पी बाहेर आली, केसांवर जाळी, अंगाला लसणाचा वास. मला बघून पुन्हा तेच हसू, हात जोडलेले. "सॉरी मॅडम."

"नो सॉरी, पी. सॉरी मेरा." मी तिच्याहून हातभर उंच, म्हणून फूटपाथच्या कडेला बसले. ती थोडं थांबून शेजारी बसली.

"बोलो," ती म्हणाली. "चार."

मी बोलले.

"छोटा."

पुन्हा बोलले.

"और छोटा." मग एकदम खरं हसली. "इंडिया में सब लोग डेफ है क्या?"

मीही हसले. म्हटलं, मेरी माँ ने सिखाया, जोर से बोलो. तिनं सहज विचारलं, "माँ गुस्सा थी?"

मी नाही म्हणणार होते. आई, तू रागावलेलीच होतीस. पीठ मळणाऱ्या तुझ्या हातांत तो राग होता, 'अंगणात जा' मध्ये होता, आणि तू तो मला भरवलास. मी तो व्यासपीठावर नेला, त्याला कळकळ म्हटलं, सामर्थ्य म्हटलं, लोकांना रडवलं. ज्या बाईला माझं मराठी कळत नाही, तिनं माझ्या चार साध्या वाक्यांत तो बरोबर ऐकला. तिची चूक झालीच नव्हती. मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेले नाही. वाचलेली सगळी पुस्तकं, केलेली सगळी भाषणं चाळून बघतेय, त्यातलं देवाचं किती आणि मेट्रनला दिलेलं उत्तर किती.

पी पुन्हा वर्गाला येते. हो अजून म्हणालेली नाही. मी विचारलं तर म्हणते, "देखेगी."

या रविवारी मराठी उपासनेत मला बोलायचंय. काल सराव केला, हळू बोलायचं ठरवून. तिसऱ्या वाक्याला आवाज चढला. हे मी अंकलना सांगितलेलं नाही, तुलाच सांगतेय, आणि तू गेलीस, आता तुला पत्र पोचायची सोय नाही म्हणूनच सांगता येतंय. पण काय बोलायचं ते ठरलंय. भावांनो, बहिणींनो, या आठवड्यात तुम्ही ज्या माणसावर आवाज चढवलात, बिल्डिंगचा वॉचमन असेल, हाताखालचा पोऱ्या असेल, घरची बायको असेल, आज झोपण्याआधी त्याच्याकडे जा, त्याच्या शेजारी खाली बसा आणि विचारा, "तुला काय ऐकू आलं?"